पदव्युत्तर प्रवेश : परीक्षा एक, दरवाजे दोन

मुळशी तालुक्यातील महाळुंगे हे गाव (महाळुंग म्हणजे आपले मातुलुंग, ग्रामनामाचा त्याच्याशी संबंध असो वा नसो) २०२१ साली पुणे महापालिकेत समाविष्ट झाले. तेथे राहून पदव्युत्तर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या बी.ए.एम.एस. स्नातकास महाविद्यालयांची वानवा नाही. पिंपरीचे डॉ. डी. वाय. पाटील, धनकवडीचे भारती विद्यापीठ, रास्ता पेठेतील टिळक, सदाशिव पेठेतील अष्टांग, ही सारी रोज जाऊन-येऊन करण्याच्या अंतरावर आहेत. मात्र त्यांत शिरण्याचे दरवाजे दोन आहेत, हे अनेकांच्या उशिरा ध्यानात येते.

२०१७ पासून आयुष पदव्युत्तर प्रवेशासाठी अखिल भारतीय परीक्षा घेतली जाते. २०१९ पासून ती राष्ट्रीय परीक्षा यंत्रणेकडे आली. परीक्षा एक, गुणवत्ता क्रम एक. पुढे वाटा फुटतात. पिंपरी व धनकवडी येथील जागा अभिमत विद्यापीठांच्या असल्याने त्या केंद्रीय समुपदेशन समितीमार्फत भरल्या जातात. इतर महाविद्यालयांतील १५ टक्के अखिल भारतीय कोटाही तिच्याकडेच असतो. राज्य कोट्याच्या जागा राज्याचा सीईटी कक्ष भरतो. नोंदणी, शुल्क व मुदती दोन्हीकडे स्वतंत्र. एकीकडे भरलेला अर्ज दुसरीकडे आपोआप पोहोचतो, या समजुतीपायी वर्ष वाया जाऊ शकते.

अमेरिकेत १९५२ पासून रूढ असलेल्या ‘मॅच’ पद्धतीत विद्यार्थी रुग्णालयांची आणि रुग्णालये विद्यार्थ्यांची क्रमवारी लावतात. आपल्याकडे संस्था विद्यार्थ्यास निवडत नाही. गुणवत्ता क्रमानुसार एकेकाची पसंतीची यादी वरून खाली तपासली जाते आणि आरक्षण व पात्रता पाहून पहिली उपलब्ध जागा दिली जाते. तेव्हा ‘मिळणार नाही’ या भीतीने आवडता विषय खाली ढकलण्यात कवडीचाही लाभ नाही. मात्र जेथे जायचेच नाही, त्या जागेचे नाव यादीत नसावे. नंतरच्या फेऱ्यांत जागा नाकारल्यास अनामत रकमेवर पाणी सोडावे लागते.

खरा पेच निराळाच आहे. कायचिकित्सा, पंचकर्म, स्त्रीरोग ही नावे यादीच्या शिरोभागी, तर द्रव्यगुण व रसशास्त्र तळाशी, असे सर्रास दिसते. ज्यांस हे विषय केवळ क्रमांकामुळे मिळतात, त्यांची तीन वर्षे अनिच्छेने जातात. दुसरीकडे, २००० साली लागू झालेल्या ‘शेड्यूल टी’नंतर कच्च्या द्रव्याची ओळख, प्रत्येक बॅचची नोंद आणि गुणवत्ता नियंत्रण यांसाठी फार्मसीस जाणता माणूस लागतोच. तो मिळत नाही अशी तक्रार करणाऱ्या फार्मसीचालकांनी पसंतीक्रम भरण्याच्या कितीतरी आधी आंतरवासीयांस आपल्या कारखान्यात बोलवावे, असे आम्हांस वाटते. कूपीपक्व कल्पाची भट्टी रात्रभर जागवून पाहिलेल्या, खऱ्या-खोट्या अशोकाची साल हातात घेऊन ताडून पाहिलेल्या विद्यार्थ्याची यादी कदाचित वेगळी असेल. वैद्यांनीही आपल्या दवाखान्यात बसणाऱ्या आंतरवासीयास हा प्रश्न परीक्षेपूर्वीच विचारावा. निकाल लागला की दिवस फार थोडे उरतात, आणि ते कागदपत्रे जमविण्यातच जातात.