पेठ, तालीम आणि फुटबॉलचे पाठीराखे

पूर्व युरोपातील समाजवादी राजवटींत फुटबॉल क्लब हे बहुधा सरकारी यंत्रणेचेच अंग असत. डायनॅमो नावाचे क्लब गृहखात्याशी, लोकोमोटिव्ह रेल्वेशी आणि मॉस्कोचा सीएसकेए लष्कराशी जोडलेला होता, त्यामुळे पाठीराख्यांनी स्वतंत्रपणे संघटित होणे राज्यकर्त्यांना रुचत नसे. क्रोएशियातील स्प्लिट शहरात १९५० साली उभ्या राहिलेल्या ‘तोर्सिदा’ या गटावर सरकारने लगेच कारवाई केली. १९८९ नंतर त्या राजवटी कोसळल्या आणि त्यांच्या आधाराने चालणारे कारखाने व युवक संघटना मोडकळीस आल्या, तेव्हा प्रेक्षागृहात एकत्र घोषणा देणारे गटच अनेक तरुणांचे सामाजिक जाळे, म्हणजे अडीनडीला उपयोगी पडणाऱ्या ओळखींचा गोतावळा, बनले. या जाळ्याचा घातक उपयोगही झाला: बेलग्रेडच्या रेड स्टार क्लबच्या पाठीराख्यांचा म्होरक्या अर्कान याने १९९० मध्ये आपले सशस्त्र दल उभारताना त्यांच्यातूनच माणसे घेतली.

कोल्हापुरात क्रम उलटा आहे. येथे गोतावळा आधीचा आणि संघ नंतरचा. कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या आणि राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने बहरलेल्या तालमी पुढे पेठेतील उत्सव, मदतकार्य आणि तंटे मिटवण्याची ठिकाणे झाल्या, आणि फुटबॉल त्यांच्याच अंगणात रुजला. म्हणून पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल हे संघ आजही ‘तालीम मंडळ’ असेच नाव लावतात, आणि शाहू स्टेडियमवर मंगळवार पेठ व शिवाजी पेठ आमनेसामने येतात तेव्हा पाठीराखा केवळ खेळाडूंना नव्हे, तर आपल्या शेजाऱ्यांना आणि थोरल्यांना साथ देत असतो. ही निष्ठा विकत घेता येत नाही, हे या परंपरेचे खरे बळ आहे. पराभव मात्र घराण्याच्या अपमानासारखा लागतो आणि त्यातून हाणामाऱ्या होतात.

नंदुरबारच्या वाचकाला ही रचना परकी वाटणार नाही, कारण तेथील मानाच्या दादा गणपती आणि बाबा गणपती मंडळांभोवतीही पिढ्यान्‌पिढ्यांचा असाच गोतावळा आहे. फरक इतकाच की विसर्जन मिरवणुकीतील हरिहर भेटीमुळे तेथे दोन मंडळांना एकत्र येण्याचा ठरलेला प्रसंग मिळतो, तर फुटबॉलमध्ये समोरासमोर येणे म्हणजे झुंजणेच असते. सामन्यांना पोलीस बंदोबस्त आवश्यक असला तरी तो पुरेसा नाही. संयोजकांनी शिस्तीचे नियम ठरवताना तालमींच्या ज्येष्ठांना सोबत घ्यावे आणि ते पाळण्याची जबाबदारीही त्यांच्यावर सोपवावी.