परीस म्हणजे काय हो, बाई?



सहावीच्या मुलांना 'हॅरी पॉटर आणि परीस' वाचायला दिलं, तेव्हा मी एक चूक केली. अडलेला प्रत्येक शब्द वहीत लिहायचा, कोशात अर्थ बघायचा आणि मगच पुढे जायचं, असा नियम केला. चार दिवसांनी एका मुलीने पुस्तक परत आणून दिलं. म्हणाली, "बाई, शब्द शोधता शोधता गोष्टच विसरले." वाचनाची गोडी लावायला निघाले होते आणि पुस्तक मीच मिटवलं!

मग नियम बदलला. शब्द अडला तर पेन्सिलीने बारीक टिंब द्यायचं आणि पुढे वाचत राहायचं. प्रकरण संपल्यावर फक्त तीन शब्द निवडायचे. आधी संदर्भावरून अंदाज, मग कोश. कादंबरीचा फायदा हाच, की महत्त्वाचा शब्द पुन्हा पुन्हा भेटतो आणि दर भेटीत थोडा जास्त कळतो. त्यातही अद्भुत कथेतल्या वस्तू कुणीच पाहिलेल्या नसतात. त्यामुळे अंदाज बांधायला हुशार मूल आणि मागे पडलेलं मूल एकाच रेषेवर उभं असतं.

आता तीन उदाहरणं बघा.

परीस : लोखंडाला लागला की त्याचं सोनं करणारा कल्पित दगड. रोलिंग यांच्या 1997च्या मूळ इंग्रजी पुस्तकाच्या नावात 'तत्त्वज्ञाचा दगड' आहे. तो सोनं करतोच, शिवाय त्यापासून आयुष्य वाढवणारं पेयही बनतं. मुलांना विचारा, "आपला परीस एवढं करतो का?" नाही. त्या दुसऱ्या कामासाठी आपल्याकडे वेगळा शब्द आहे, अमृत. एका शब्दातून दुसरा निघाला की नाही?

अदृश्य : हॅरीला अंगावर घेताच दिसेनासं करणारा झगा मिळतो. अ + दृश्य, म्हणजे न दिसणारा. याच साच्यातले शब्द मुलं धडाधड सांगतात : अमर, अज्ञात, अशक्य. अमृतही यातलंच, अ + मृत.

अजगर : प्राणिसंग्रहालयात हॅरी एका भल्यामोठ्या सापाशी बोलतो. तो बोआ जातीचा, अजगरासारखाच विळखा घालून भक्ष्य मारणारा. तेव्हा वर्गात एकजण म्हणाला, "अजगर म्हणजे अ + जगर, जगर नसलेला!" सगळे हसले, पण त्याने नियम वापरून पाहिला होता, म्हणून मी त्याला शाबासकी दिली. इथे फोड वेगळी आहे. संस्कृतात 'अज' म्हणजे बोकड आणि 'गर' म्हणजे गिळणारा. नियम कुठे थांबतो, हे त्या दिवशी सगळ्यांनाच कळलं.

शेवटची पायरी विसरू नका. वाचताना कळलेला शब्द अजून आपला झालेला नसतो, तो बोलण्यात यावा लागतो. म्हणून दुसऱ्या दिवशी तीनपैकी एक शब्द स्वतःच्या वाक्यात वापरायचा. "आईने लपवलेला लाडवाचा डबा अदृश्य झाला," हेही चालतं.

पालकहो, घरी रोज दहा मिनिटं मुलासोबत वाचा. तो अडला तर लगेच अर्थ सांगू नका, "तुला काय वाटतं?" एवढंच विचारा.

आणि हो, त्या मुलीने पुस्तक पुन्हा मागून नेलं. यावेळी परत आणलं, ते पुढचा भाग मागायला.