तळेगावच्या वावरात सोनं सापडेल का?

तळेगाव (श्यामजी पंत) परिसरात नांगराच्या तासात काही चमकलं की "सोनं तर नाही ना?" हा प्रश्न हमखास येतो. खडक गोळा करायचा छंद असल्यानं सांगतो. 👇

🪨 आपला आष्टी तालुका दख्खनच्या काळ्या पाषाणावर बसलाय. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा. यात सोन्याच्या शिरा सापडत नाहीत. सापडते ती गारगोटी, अकीक, पांढरे चमकदार झिओलाइट.

📍 विदर्भात सोन्याच्या खुणा आहेत, पण पूर्वेकडच्या कितीतरी जुन्या खडकांत: नागपूर जिल्ह्यातील परसोडी, कोलारी-भावरी. नदीची रेती धुऊन सोन्याचे कण काढणारे सोनझारीही त्याच बाजूचे.

🔍 घरची परीक्षा:
• हातोडीनं ठोका. सोनं चपटं होतं, सोन्यासारख्या चमकणाऱ्या पायराइट खनिजाचा चुरा होतो.
• बिनचकाकीच्या फरशीवर घासा. सोन्याची रेघ पिवळी, पायराइटची काळपट.
• घमेल्यात नाल्याची रेती पाण्यानं हलवत धुवा. तळाशी काळी रेती उरेल. लोहचुंबकाला चिकटली तर ते मॅग्नेटाइट. सोनं पाण्याच्या 19 पट जड, म्हणून असलंच तर त्याहीखाली बसतं.

⚖️ सातबारा आपला असला तरी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 नुसार जमिनीखालची खनिजं साधारणपणे सरकारची. पुरलेलं धन सापडलं, तर 1878 च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

तेव्हा वावर खोदू नका. पावसानंतर नाल्याकाठी फिरा, अकीक वेचा!