बांधकामाच्या फाइलमधून इंग्रजीचे धडे

बँकेच्या सेवेत असताना बांधकाम व्यवसायाची कर्जप्रकरणे माझ्या टेबलावरून वर्षानुवर्षे गेली. त्या काळात एक गोष्ट सतत जाणवत राहिली. नकाशावर नजर टाकून लोखंड किती लागेल हे तोंडी सांगू शकणारा कंत्राटदार करारपत्राची पाने न वाचताच शेवटच्या पानावर सही करीत असे. विचारले तर हसून म्हणे, "साहेब, इंग्रजी तेवढं तुम्ही बघा." मी बघत असे, पण बँकेच्या हिताच्या दृष्टीने. त्याच्या हिताच्या दृष्टीने ते वाचणारे कोणी नसे.

निवृत्तीनंतर हा प्रश्न माझ्या घरीच चालून आला. माझे थोरले चुलतबंधू आणि त्यांचा मुलगा मिळून लहानशी कंत्राटदारी करतात. पुतण्या मराठी माध्यमातून शिकलेला, स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेतलेला. कामात चोख, मात्र इंग्रजी पत्र लिहायचे म्हटले की त्याचा हात आखडे. एका मोठ्या कंपनीकडून त्यांना इमारतीच्या आरसीसी कामाचे कंत्राट मिळाले. दुसऱ्या मजल्याचे सुधारित नकाशे येण्यास पाच आठवडे लागले. पुतण्या रोज फोन करी आणि "पाठवतो, पाठवतो" असे उत्तर मिळे. काम उशिरा संपले आणि अंतिम बिलातून विलंबापोटी मोठी रक्कम कापली गेली. कंपनीने करारातील एका कलमाकडे बोट दाखवले. विलंबाचे कारण कळल्यापासून २८ दिवसांत लेखी सूचना दिली नाही, तर मुदतवाढीचा हक्क राहणार नाही, असे ते कलम होते. फोन कितीतरी झाले होते, लेखी ओळ एकही नव्हती.

असे कलम न्यायालयात कितपत टिकते, हा वकिलांचा प्रांत आहे. लहान कंत्राटदाराला मात्र पुढचे काम हवे असते आणि वर्षानुवर्षे दावा चालवणे परवडत नाही. बापलेकांनी तडजोड केली. त्या संध्याकाळी पुतण्या फाइल घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, काम मला येत होतं. पत्राची भीती वाटली. चुकलं तर हसतील, म्हणून लिहिलंच नाही."

यापूर्वी तो इंग्रजी संभाषणाच्या वर्गाला जाऊन आला होता. तेथे स्वतःची ओळख, आवडता छंद, हवामान अशा विषयांवर बोलायला शिकवीत. साइटवर त्याला छंद कोणी विचारणार नव्हते. मी त्याला म्हटले, "तुझं नुकसान ज्या फाइलने केलं, तीच आपण पाठ्यपुस्तक म्हणून घेऊ." पुढे आठ महिने दर रविवारी सकाळी आम्ही ती फाइल उघडून बसलो. त्या अभ्यासातून जे हाती लागले, ते इतरांनाही उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हा लेख.

विषय ओळखीचा, भाषा अनोळखी

भाषाशिक्षणात 'इंग्लिश फॉर स्पेसिफिक पर्पजेस', म्हणजे विशिष्ट प्रयोजनासाठी इंग्रजी, अशी एक स्वतंत्र शाखा आहे. टॉम हचिन्सन आणि ॲलन वॉटर्स यांचे १९८७ मधील पुस्तक त्या क्षेत्रात पायाभूत मानले जाते. शिकणाऱ्याला भाषा कशासाठी हवी आहे, हे आधी पाहावे आणि अभ्यासक्रम त्यावरून ठरवावा, हे या शाखेचे मुख्य सूत्र.

बांधकामाच्या बाबतीत हे सूत्र फार सोपे होते, कारण निम्मी शब्दसंपत्ती आधीच हाताशी असते. ओळंबा, गुण्या, थापी आणि घमेले या शब्दांच्या जोडीने सेंटरिंग, शटरिंग, स्लॅब, बीम, कॉलम, क्युअरिंग हे शब्द आपला गवंडीही सहज वापरतो. म्हणजे नामे ठाऊक असतात. या नामांना जोडणारी क्रियापदे, काळ आणि शब्दयोगी अव्यये ठाऊक नसतात. शिकायचे ते एवढेच.

एकेक कागद, एकेक व्याकरण

फाइल चाळताना लक्षात आले की, साइटवरचा प्रत्येक कागद व्याकरणाचा एकेक धडा घेऊन येतो. दैनंदिन प्रगती अहवालात आज काय झाले ते लिहायचे असते. तेथे साधा भूतकाळ लागतो. आतापर्यंत किती पूर्ण झाले हे सांगताना पूर्ण वर्तमानकाळ येतो. काम कोणत्या पद्धतीने करावयाचे हे सांगणारे 'मेथड स्टेटमेंट' असते. त्यात कर्ता महत्त्वाचा नसतो, कृती महत्त्वाची असते, म्हणून तेथे कर्मणी प्रयोग शोभतो. जोखमींच्या तक्त्यात 'अमुक झाले तर तमुक होईल' अशी संकेतार्थी वाक्ये येतात. 'रिक्वेस्ट फॉर इन्फर्मेशन' हा तर प्रश्न विचारण्याचाच कागद. नकाशात तुळईची खोली एका ठिकाणी ४५० आणि दुसऱ्या ठिकाणी ६०० मिलिमीटर दाखवली असेल, तर दोन्ही नकाशांचे क्रमांक देऊन 'यांपैकी कोणती ग्राह्य धरावी' असे नेमके विचारणे, हा उत्तम भाषाभ्यास आहे.

शाळेत जे काळ पाठ करूनही पुतण्याच्या डोक्यात राहिले नव्हते, ते येथे राहिले. अहवालात काळ चुकला की कालचे काम उद्यावर जाते, हे त्याला लगेच दिसू लागले.

वेळापत्रकाच्या तक्त्यातूनही बरेच शिकता आले. 'क्रिटिकल' म्हणजे गंभीर, एवढाच अर्थ त्याला माहीत होता. प्रकल्प व्यवस्थापनात 'क्रिटिकल पाथ' म्हणजे कामांची अशी साखळी, जिच्यातील एक कडी एक दिवस लांबली तर संपूर्ण प्रकल्प एक दिवस लांबतो. ही पद्धत १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँ आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांतील तज्ज्ञांनी विकसित केली. 'फ्लोट' म्हणजे तरंगणे. तक्त्यात मात्र त्याचा अर्थ हाताशी असलेला मोकळा अवधी. आवारभिंतीच्या रंगाला दहा दिवसांचा फ्लोट असू शकतो, तळमजल्याच्या कॉलमना बहुधा नसतो. हा फरक कळल्यावर कोणत्या विलंबाचे पत्र तातडीने लिहायचे हेही कळते.

मराठी माणसाला अडवणारे शब्द

काही चुका खास आपल्या भाषेतून येतात. 'शुक्रवारपर्यंत काम पूर्ण होईल' आणि 'शुक्रवारपर्यंत काम चालू राहील' या दोन्ही वाक्यांत आपण 'पर्यंत' म्हणतो. इंग्रजीत पहिल्यासाठी 'बाय' आणि दुसऱ्यासाठी 'अन्टिल' लागते. पुतण्याने एकदा वीजजोडणीसंबंधी निरोप लिहिताना हे दोन शब्द उलटे वापरले होते. त्यामुळे 'शुक्रवारच्या आत वीज हवी' या मागणीचा अर्थ 'शुक्रवार उलटेपर्यंतच वीज हवी' असा झाला होता. 'परवा' हा आपला शब्द तर मागेही जातो आणि पुढेही. त्यावर उपाय एकच, पत्रात नेहमी तारीख लिहावी. तारखेतही महिन्याचे नाव अक्षरी लिहावे, कारण ०५/०६ म्हणजे आपल्याकडे पाच जून, तर अमेरिकन पद्धतीत सहा मे. अमेरिकन 'फर्स्ट फ्लोअर' हाही आपला तळमजला असतो. परदेशी नकाशे हाताळणाऱ्या तरुणांनी हे ध्यानात ठेवावे.

'डॅमेज' आणि 'डॅमेजेस' यांतील फरक बँकेतील नव्या अधिकाऱ्यांनाही समजावून सांगावा लागे. पहिला शब्द नुकसान सांगतो, दुसरा नुकसानभरपाईची रक्कम. करारातील 'लिक्विडेटेड डॅमेजेस' म्हणजे विलंबासाठी आधीच ठरवून ठेवलेली भरपाई. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा ठरते. तिच्या आत राहून वाजवी भरपाई मिळते. कपातीचे पत्र आले की पूर्ण रक्कम देय झालीच, असे समजून गप्प बसू नये.

तिसरा शब्द 'शॅल'. शाळेत आपण तो 'मी'बरोबर येणारा भविष्यकाळ म्हणून शिकलो. करारात 'शॅल' म्हणजे बंधन आणि 'मे' म्हणजे मुभा. सल्लागार अभियंत्यांची आंतरराष्ट्रीय संघटना फिडिक हिचे नमुना करार जगभर वापरले जातात. त्यांच्या २०१७ च्या आवृत्तीत या दोन शब्दांचे अर्थ सुरुवातीलाच स्पष्ट केले आहेत. २८ दिवसांच्या सूचनेची अटही फिडिकच्या करारांत आहे. तिची मुदत कंत्राटदाराला घटना कळल्यापासून किंवा ती त्याला कळायला हवी होती तेव्हापासून मोजली जाते. 'कळले' आणि 'कळायला हवे होते' यांतील अंतर हा व्याकरणाचा बारकावा वाटतो. पण त्यावर लाखो रुपयांचा निर्णय होतो.

शिक्क्यावरचा एक शब्द

शब्दाची किंमत पैशाहूनही मोठी असू शकते. १७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे हयात रीजन्सी हॉटेलच्या दालनातील लोंबते पादचारी पूल कोसळले आणि ११४ माणसे दगावली. मूळ आराखड्यात एकावर एक असलेले दोन पूल छतापासून आलेल्या सलग लोखंडी सळ्यांवर टांगायचे होते. प्रत्यक्षात प्रत्येक सलग सळीच्या जागी दोन तुटक सळ्या आल्या आणि खालचा पूल वरच्या पुलाला लटकला. त्यामुळे वरच्या पुलाच्या जोडावरील भार दुप्पट झाला. मूळ जोडही नियमाप्रमाणे पुरेसा मजबूत नव्हता, असे चौकशीत आढळले. बदल दाखवणाऱ्या कारखान्याच्या नकाशांवर अभियंत्यांच्या मंजुरीचा शिक्का होता. या बदलासाठी दूरध्वनीवरून संमती घेतली होती, असे पोलाद बनवणाऱ्यांचे म्हणणे. असा दूरध्वनी झालाच नाही, असे अभियंत्यांचे. पुढे जबाबदार अभियंत्यांचे परवाने रद्द झाले.

हा प्रसंग वाचल्यावर पुतण्या बराच वेळ बोलला नाही. नंतर त्याने स्वतःच्या फाइलमधील शिक्के एकेक करून पाहिले. 'मंजूर', 'नोंदी पाळून मंजूर', 'सुधारून पुन्हा सादर करा' हे तीन वेगळे शिक्के आहेत आणि दुसऱ्या शिक्क्याच्या नकाशावर लाल शाईतील नोंदी न वाचता काम सुरू करणे धोक्याचे आहे, हे मला त्याला सांगावे लागले नाही.

चार वाक्यांचे पत्र

पत्रलेखनात मलाही माझी बँकेतील इंग्रजी विसरावी लागली. आमच्या परिपत्रकांत 'असे ठरवण्यात आले आहे' या थाटाची वाक्ये फार. कोणी ठरवले ते शोधूनही सापडत नसे. सूचनापत्रात हे चालत नाही. शेवटी आम्ही चार वाक्यांचा साचा ठरवला. काय घडले, कोणत्या तारखेपासून घडले, त्यामुळे कोणते काम किती अडले आणि आपली मागणी कोणती. करारातील कलमाचा क्रमांक वर लिहायचा. आरोप नाही, विशेषणे नाहीत, 'कृपादृष्टी असावी' नाही. पत्र पोहोचल्याची पोच घ्यायची.

घर विकत घेणाऱ्यांनाही या अभ्यासाचा उपयोग आहे. २०१६ च्या रेरा कायद्यात 'कार्पेट एरिया' या शब्दाची व्याख्या दिली आहे; विक्री करारातील आकडा त्या व्याख्येप्रमाणे आहे का, हे पाहावे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील रचनात्मक दोष विकासकाच्या निदर्शनास आणला, तर त्याने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाचा असतो. 'निदर्शनास आणणे' म्हणजे पुन्हा तेच, वेळेत लिहिलेले पत्र.

आपल्या अनेक घरांत बांधकामाचा, हार्डवेअरचा किंवा सिमेंट-लोखंडाचा व्यवसाय आहे. नव्या पिढीने इंग्रजी सुधारावी म्हणून आपण जाड पुस्तके आणतो, महागडे वर्ग लावतो. त्याआधी दुकानातील किंवा साइटवरील एक जुनी फाइल घेऊन मुलांसोबत बसावे. रोज एक पान मोठ्याने वाचावे, पाच शब्दांचे अर्थ मराठीत लिहावेत आणि त्या दिवसाच्या कामाचा तीन ओळींचा अहवाल इंग्रजीत लिहून घ्यावा. चुका होतील; त्या घरात झालेल्या बऱ्या.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका कामावर जागेचा ताबा उशिरा मिळणार असे दिसू लागले. नवव्या दिवशी पुतण्याने पत्र लिहिले, पाठवले आणि मग मला दाखवले. त्यात एका ठिकाणी 'द' राहिला होता आणि एका शब्दाचे स्पेलिंग चुकले होते. कोणी हसले नाही. महिनाभरात मुदतवाढीचे उत्तर आले. चुलतबंधूंनी ते फाइलला लावण्यापूर्वी दोनदा वाचून घेतले आणि मुलाला विचारले, "यातला 'शॅल' आपल्यावर आहे की त्यांच्यावर?"