अरुंद रस्त्यांची वसाहत

कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस शहरात उन्हाळ्यात पारा सहज पस्तिशीपार जातो. तिथे मायकेल आणि ज्युडी कॉर्बेट या दाम्पत्याने 1975 च्या सुमारास ‘व्हिलेज होम्स’ ही वसाहत बांधायला घेतली. दोनशेहून अधिक घरे.

त्यांनी आधी डांबरच कमी केले. रस्ते जेमतेम 20 ते 26 फुटांचे. इतक्या अरुंद रस्त्यावर दोन्हीकडच्या झाडांची सावली पुरी पडते, त्यामुळे डांबर दिवसभर तापून रात्री उष्णता ओकत बसत नाही. रस्ते पूर्व-पश्चिम आखल्याने घरांना दक्षिणेचे ऊन मिळाले: हिवाळ्यात तिरपे किरण आत येतात, उन्हाळ्यात डोक्यावरचा सूर्य छज्जा अडवतो.

मला जास्त पटते ती पुढची युक्ती. मोटारींचे रस्ते टोकाला बंद होतात. पायवाटा आणि सायकलवाटा मात्र पुढे निघून जातात. बंद गल्ल्यांच्या बहुतेक वसाहती इथेच फसतात. मोटार अडवताना त्या माणसालाही अडवतात, आणि भिंतीपलीकडच्या दुकानाला मोठा वळसा पडतो.

पावसाचे पाणीही बंद गटारात न सोडता उघड्या गवताळ चरांतून जमिनीत जिरवले. सरकारी यंत्रणेला शंका होती, पण चर चालले. गटारांवरचा वाचलेला पैसा झाडा-बागांवर लागला.

नवा प्लॉट पाहायला जाल तेव्हा रस्त्याची रुंदी विचाराच. पण पावसाचे पाणी कुठे जाते आणि पायी कुठवर जाता येते, हेही विचारा.