सावधान : ख्रिस्ती संयमाचे मर्म

भाळी राख लावून अनेक ख्रिस्ती भाविक ज्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळास प्रारंभ करितात, त्याची सांगता ईस्टरच्या आनंदात होते. मधले रविवार या गणनेत धरीत नाहीत. कारण प्रत्येक रविवार हा त्यांच्या दृष्टीने पुनरुत्थानाचाच लहानसा उत्सव होय. एकादशी-द्वादशीचा हिशेब ठेवणाऱ्या आम्हांस हे सहज उमजते. परंतु या उपवासामागे जी चित्तवृत्ती अपेक्षित आहे, तिच्यासाठी नव्या करारात योजिलेला एक शब्द आम्हांस विशेष मननीय वाटतो.

पेत्राच्या नावे असलेल्या पहिल्या पत्रात 'नेफो' हे ग्रीक क्रियापद तीन वेळा येते. मद्यापासून अलिप्त असणे, शुद्धीवर असणे, हा त्याचा मूळ अर्थ. आता गंमत अशी की, ख्रिस्ती शास्त्रात द्राक्षारस सरसकट वर्ज्य नाही. काना गावच्या लग्नघरी ख्रिस्ताने पाण्याचा द्राक्षारस केला. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पोटाच्या विकारासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्लाही आहे. निषेध आहे तो मद्यधुंदपणाचा. अर्थात 'नेफो'चा रोख केवळ पेल्यावर नाही. मराठी भाषांतरकारांनी तेथे 'सावध' हा शब्द घातला, आणि आमच्या मते फार मार्मिक घातला. अवधानासह असणारा तो सावध. ज्याचे चित्त ठिकाणावर आहे तो. बोहल्यावर 'सावधान' हा शब्द कानी पडताच नारायण ठोसर निघून गेले आणि पुढे समर्थ झाले, ही कथा ज्या महाराष्ट्राने कीर्तनांतून शतवार ऐकली, त्यास या शब्दाचे वजन निराळे सांगावयास नको.

आणि हा उपदेश कोणाच्या नावे आहे, तेही पाहावे. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत ख्रिस्ताने तिघा शिष्यांस जागे राहण्यास सांगितले. तीन वेळा परत येऊन पाहतो, तो शिष्य निद्राधीन! लूकाने त्या झोपेचे कारण दुःख असे दिले आहे, मद्य नव्हे. त्या तिघांत पेत्र होता. मनुष्यास बेसावध करावयास शोकही पुरतो, हे त्याच्याहून अधिक कोणास ठाऊक असणार?

शोकाने जे होते ते संयमानेही होऊ शकते, हे मात्र पुढे ईजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांनी ओळखिले. योहान कासियान हा साधक चौथ्या शतकाच्या अखेरीस त्यांच्यात राहिला आणि पुढे इ. स. 415च्या सुमारास मार्सेय येथे मठ स्थापून त्याने तेथील आठवणी लॅटिनमध्ये लिहून ठेविल्या. त्यांतील हेरोनचे आख्यान अंगावर काटा आणणारे आहे. हा वृद्ध तपस्वी पन्नास वर्षे अरण्यात राहिला. त्याचा उपवास इतका कडक की, ईस्टरच्या दिवशीसुद्धा तो बांधवांच्या पंगतीस बसत नसे. त्या दिवशी चार घास खाल्ले तर आपला नेम ढिला पडला असे दिसेल, ही त्याची धास्ती. अखेर, आपल्या पुण्यबलाने आपणास इजा होणारच नाही, अशा भ्रमाने त्याने मध्यरात्री खोल विहिरीत उडी घेतली. बांधवांनी मोठ्या कष्टाने त्यास अर्धमेला बाहेर काढिले. तिसऱ्या दिवशी तो वारला. आणि तोवरही, आपण फसलो हे त्याने मानिले नाही. द्राक्षारसाच्या थेंबाविना चढलेली ही धुंदी! मिथ्या कीर्तीच्या मोहास तेथील ज्येष्ठ कांद्याची उपमा देत; एक पापुद्रा सोलावा तो खाली दुसरा. श्रोत्यांसमोर उभे राहणाऱ्या आम्हां कीर्तनकारांनी तर ही उपमा गाठीस बांधून ठेवावी.

म्हणून त्या ज्येष्ठांनी मध्यम माप घालून दिले : दिवसाकाठी दोन सुके पाव, वजन जेमतेम एक रत्तल. ऐकावयास सोपे, पाळावयास कठीण. बेंजामिन नावाचा एकजण एक दिवस मुळीच खात नसे आणि दुसऱ्या दिवशी चार पाव एकदम खाई. आमच्याकडील 'एकादशी अन् दुप्पट खाशी' त्याने ऐकिले नव्हते, एवढेच! पुढे तो वाळवंट सोडून संसारात परतला.

गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आत्म्याच्या फळांची जी गणना आहे, तीत इंद्रियदमन सर्वांच्या शेवटी येते आणि प्रीती सर्वांच्या आधी. हा क्रम त्या वाळवंटात प्रत्यक्ष पाळिला जात होता. पाहुणा आला की वृद्ध तपस्वी आपला उपवास मोडीत. असे का, म्हणून कासियानाने विचारिले. उत्तर मिळाले की, उपवास तर सदैव आमच्यापाशीच आहे. तुम्हांस मात्र आम्ही सदैव ठेवून घेऊ शकत नाही. दुसऱ्या एका ज्येष्ठाने त्यास आणखी थोडे खाण्याचा आग्रह केला, तेव्हा आता जात नाही, असे तो म्हणाला. त्यावर तो ज्येष्ठ उद्गारला की, आज सहा निरनिराळ्या पाहुण्यांसाठी मी पान मांडिले, प्रत्येकासंगे जेवलो, तरी मला अजून भूक आहे. आणि तू पहिल्याच पानावर पुरे म्हणतोस?