कोमेजलेली फुले का खुडावीत?

फुलणे हे वनस्पतीचे अंतिम उद्दिष्ट नव्हे. बीजधारणा हे होय. परागण झाले की पाकळ्या गळतात आणि पानांत तयार होणारी शर्करा वाढत्या फळाकडे वळते. साहजिकच नव्या कळ्यांचा वाटा घटतो. कोमेजलेले फूल वेळीच खुडले, तर ही शक्ती पुन्हा बहराच्या कामी येते.

गुलाब हे याचे उत्तम उदाहरण. माळव्यात ऑक्टोबरमध्ये छाटलेला गुलाब सुमारे दीड-दोन महिन्यांनी बहरतो. फूल मलूल होताच त्याखालील पाच पर्णिकांचे पहिले पान शोधावे व त्याच्या बेचक्यातील बाहेर वळलेल्या डोळ्याच्या किंचित वर देठ तिरका कापावा. त्याच डोळ्यातून फुटणारी फांदी पुढील फूल देते.

शेवंतीचे मात्र निराळे. रात्री दीर्घ झाल्यावरच ती कळ्या धरते. दिनमान व फुलणे यांचा हा संबंध गार्नर व अ‍ॅलार्ड यांनी १९२० साली तंबाखू व सोयाबीनवरील प्रयोगांतून मांडला. म्हणून खुडण्याने तिचा ताटवा टवटवीत राहतो; सरलेला मोसम परतत नाही. बहर संपताच दांडे जमिनीलगत छाटावेत. बुंध्याशी येणारे धुमारे पुढील वर्षाची रोपे होत.

कात्री घेताना हातमोजे विसरू नयेत. काट्याच्या जखमेतून स्पोरोथ्रिक्स बुरशी त्वचेत शिरू शकते. बोटावर न भरणारा व्रण आणि हातावर चढत गेलेली गाठींची रांग दिसली, तर रुग्णास एक प्रश्न अवश्य विचारावा : आपण बागकाम करता का?